दप्तरे पुरे झाली, आता एक माणूस द्या

प्रति,
पुणे-मुंबईतील सामाजिक संस्थांचे सन्माननीय विश्वस्त, आणि या संस्थांना निधी देणाऱ्या कंपन्यांचे सीएसआर अधिकारी यांस,



अत्याचार सोसलेल्या बायका-मुलांसाठी आणि घरातला माणूस तुरुंगात गेलेल्या कुटुंबांसाठी आपण काम करता, म्हणून हे पत्र आपल्याला. ते येलदरीहून येत आहे. येलदरी म्हणजे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरचे धरणाचे गाव. धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे, जुन्या वसाहतीला लोक अजून येलदरी कॅम्पच म्हणतात, आणि भोवताली शेती, मासेमारी व ऊसतोडीवर जगणारी गावे आणि तांडे आहेत. आपल्या वार्षिक अहवालांत या गावाचे नाव यावे असे काही इथे घडत नाही, असे आपल्याला वाटत असेल. इतरत्र घडते ते सगळे इथेही घडते. दारू पिऊन होणारी मारहाण, हुंड्यापायी जाळणे, लेकरांवरचे अत्याचार, बांधावरून झालेले खून, आणि त्यानंतर कोठडी, खटला, शिक्षा. फक्त आपल्या कामाची वेस त्याच्या बरीच अलीकडे संपते.

आपल्या कामाबद्दल आदर आहे, हे आधी नोंदवतो. टाटा समाज विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे सरकारने स्वीकारला आणि राज्यभर नेला. त्याच संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करायची वाट पाडली. अमरावतीच्या ‘वऱ्हाड’ संस्थेने कैद्यांच्या कुटुंबांपर्यंत जाऊन दाखवले. अंबाजोगाईला ‘मानवलोक’ आणि ‘मनस्विनी’ने एकट्या पडलेल्या बायकांसाठी मराठवाड्यात राहूनच काम उभे केले. तेव्हा हे काम होत नाही किंवा होणारच नाही, असे कोणी म्हणू नये. तक्रार बाकीच्यांच्या कामाच्या रीतीबद्दल आहे. आपण वस्तू देता, कार्यक्रम घेता, शिबिरे भरवता. या घरांना कमी पडतो तो कागद हातात घेऊन तहसीलपासून कोर्टापर्यंत बरोबर चालणारा, आणि पुढच्या वर्षीही त्याच ठिकाणी सापडणारा माणूस. योजना पुष्कळ आहेत. त्या दारापर्यंत आणणारे कोणी नाही. हे माणूसबळ आपण देऊ शकता आणि देत नाही, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

अटकेनंतर घराचे काय होते ते आधी बघा. जिंतूर तालुक्यातला माणूस आरोपी झाला की पोलीस कोठडी संपल्यावर तो परभणीच्या जिल्हा कारागृहात जातो. लांबची शिक्षा लागली तर बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहात. येलदरीहून जिंतूर पंधराएक किलोमीटर, तिथून परभणी चाळीसएक. हर्सूल तर दीडशेच्याही पुढे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट झाले ही मोठीच सोय झाली. पण काही मिनिटांच्या मुलाखतीपायी दिवसाची मजुरी जातेच, हर्सूलला तर कधी दोन दिवसांची. आधार कार्डावरचे नाव आणि तुरुंगाच्या नोंदीतले नाव जुळले नाही तर आल्या पावली परत. ई-मुलाकातीची सोय आहे म्हणावे, तर तिला स्मार्टफोन लागतो, आणि घरातला एकुलता एक तसा फोन बहुतेक वेळा तपासात जमा झालेला असतो.

त्या फोनबद्दल जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गरिबाच्या घरी आता चुलीइतकीच त्याची गरज आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी वाट काढली गेली. पण जिचा नवरा जिवंत आहे, कागदोपत्री संसारही शाबूत आहे, फक्त तो माणूस हर्सूलला आहे आणि त्याचे सिमकार्ड लाखेने सील केलेल्या मुद्देमालाच्या पाकिटात आहे, तिने ओटीपी कोणाकडून आणायचा? रेशन कार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात जाऊन अंगठा द्यावा असा आदेश निघतो, तेव्हा तुरुंगातल्या अंगठ्याचे काय करायचे हे दुकानदाराला ठाऊक नसते आणि तो नाव कमी करून मोकळा होतो. पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे वर्षाला प्रत्येकी सहा हजार रुपये त्याच्या खात्यात पडतात, पण पासबुक त्याचे आणि सहीही त्याची. सातबारा त्याच्या नावाचा, म्हणून पीककर्जाचे नवे-जुने करायलाही तोच लागतो. थोडक्यात, शिक्षा एका माणसाला होते आणि व्यवहार घराचे थांबतात. यातले एकेक कुलूप उघडायला कायद्यात किल्ली आहे. मुखत्यारपत्र तुरुंगातून करून घेता येते, फोन कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर सोडवता येतो, बँकेला अधिकारपत्र देता येते. पण हे सांगायचे कोणी, अर्ज लिहायचा कोणी आणि तारखेला उभे राहायचे कोणी?

आतला माणूस कमावून पाठवेल असे म्हणाल, तर आकडा ऐका. २०२३ च्या वाढीनंतर अकुशल कैद्याची मजुरी दिवसाला ५३ रुपये झाली. ती शिक्षा झालेल्याची. कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्याला सक्तीचे काम नाही, म्हणून सहसा मजुरीही नाही. १ मे २०२२ रोजी येरवड्यात सुरू झालेली ‘जिव्हाळा’ कर्ज योजना खरोखर कौतुकाची आहे: राज्य सहकारी बँक कैद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते आणि ते त्याच्या मजुरीतून वळते होते. पण तिथेही मजुरी मिळवणारा कैदी हाच पाया आहे. तारखांवर तारखा पडत राहिलेल्या कच्च्या कैद्याच्या घराला जिव्हाळ्याचाही उपयोग नाही.

आता सरकारी योजनांकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत, तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी हा गट स्पष्ट लिहिलेला आहे. महिना १,५०० रुपये मिळतात. ही गोष्ट किती ग्रामसेवकांना माहीत आहे, हे आपण एखाद्या दिवशी विचारून पाहावे. पण याच अटीत दुसरी गोम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग अहवालानुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. शिक्षा झालेल्याच्या बायकोला अनुदान आणि खटला चालू असलेल्याच्या बायकोला काही नाही, असा याचा अर्थ होतो. शिवाय वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. तुरुंगात गेलेल्या नवऱ्याचे जुने उत्पन्न तलाठ्याच्या लेखी अजून चालूच असते.

मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एके काळी तिच्यात महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग १,१०० झाले आणि २०२३ पासून २,२५० मिळतात. आई-बाप नसलेली, एकच पालक उरलेली, घर संकटात सापडलेली मुले तिच्यात बसतात. त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो, समिती बसते परभणीला, आणि फाइलला शाळेचा बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, घरासमोर उभे राहून काढलेला फोटो अशी सगळी जंत्री. अत्याचारग्रस्तांसाठी २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते, काही प्रकारांत मदत दहा लाखांपर्यंत जाते आणि बहुतांश रक्कम मुदत ठेवीत राहते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या बाराव्या कलमाने बाईला, मुलाला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. पूर्णा प्रकल्पावरच्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. धरण भरले म्हणून टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. वाटेतल्या चाऱ्या दुरुस्त ठेवणारा आणि पाळी लावून देणारा कालवा चौकीदार लागतो. या योजनांना तसा कोणी नेमलेलाच नाही.

सरकारला ही घरे दिसतच नाहीत, याचा पुरावा त्याच तुरुंग अहवालात आहे. २०२२ अखेर १,५३७ स्त्री-कैद्यांसोबत १,७६४ मुले तुरुंगात राहत होती, हे तो अहवाल नेमके सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या आर. डी. उपाध्याय खटल्यात अशा मुलांसाठी आहार, पाळणाघर, शिक्षण यांचे नियम घालून दिले आणि सहा वर्षांपर्यंतच आईजवळ ठेवण्याची मर्यादा सांगितली. आतली मुले मोजली गेली म्हणून त्यांच्यासाठी नियम झाले. बाहेर राहिलेल्या मुलांची, म्हणजे साडेपाच लाखांवर कैद्यांच्या मुलांची, तिथे मोजदाद नाही. आपल्या संस्थाही तेच करतात, असे खेदाने म्हणावे लागते. तुरुंगाच्या आतला कार्यक्रम चांगला दिसतो: योगवर्ग, भजन स्पर्धा, वाचनालय, रक्षाबंधन. ‘गळाभेट’ हा तुरुंग खात्याचा उपक्रम तर मन हलवणारा आहे, मुलांना बापाच्या गळ्यात पडता येते. पण त्या दिवशी जिंतूर तालुक्यातल्या पोराला हर्सूलपर्यंत आणले कोणी, आणि परत नेऊन सोडले कोणी, याची जबाबदारी कोणाच्याच यादीत नसते. जी मुले जवळची, ती येतात.

दप्तरांचा विषयही काढतो, राग मानू नये. जून उजाडला की दप्तर, वह्या, कंपासपेटी, कधी सायकल. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण बाप तुरुंगात गेलेले पोर शाळा सोडते ते वह्या नाहीत म्हणून नव्हे. ते सोडते कारण दिवाळीच्या आसपास आईला ऊसतोडीला जावे लागते आणि धाकट्याला सांभाळायला कोणी नसते. कधी वर्गात त्याला बापाच्या नावाने हाक मारली जाते म्हणून सोडते. या दोन्हींवर वही हा उतारा नाही. शिक्षकाशी बोलणे, हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकाकडे सोय लावणे, बालसंगोपनाची फाइल वेळेत परभणीला पोचवणे, हा उतारा आहे. वाटपाचा कार्यक्रम सकाळी सुरू होतो आणि दुपारी जेवणानंतर संपतो. फाइलच्या कामाला वर्ष लागते आणि त्याचा फोटो निघत नाही.

फोटोचे निघालेच आहे तर कायद्याचीही आठवण करून देतो. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात. चेहरा धूसर केला म्हणून भागत नाही; शाळेचे नाव, गावाचे नाव, आईचा चेहरा यांवरूनही मूल ओळखू येते. लहान गावात तर फोटोचीही गरज नसते. संस्थेचे नाव रंगवलेली जीप कोणाच्या दारात थांबली, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेले असते. देणगीदाराला दाखवण्यासाठी जमवलेला पुरावा त्या मुलीच्या लग्नापर्यंत तिच्या मागे राहतो. आपल्यापैकी पुष्कळ संस्था हा नियम कसोशीने पाळतात, पण पुष्कळ पाळत नाहीत.

आणखी एक सवय म्हणजे मूल उचलून आश्रमात नेणे. जिथे घरातच धोका आहे, तिथे ते करावेच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण घर फक्त गरीब झाले आहे, तिथे बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातले तत्त्व स्पष्ट आहे: संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. बाप आत, आई उसाच्या फडात आणि मूल दोनशे किलोमीटरवरच्या वसतिगृहात, अशाने एका कुटुंबाचे तीन तुकडे होतात आणि सुटून आलेल्या माणसाला परतायला घरच उरत नाही. या महाराष्ट्रानेच याच्या उलटा प्रयोग करून दाखवला आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारातून निघालेल्या या वसाहतीत शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. त्या प्रयोगावरून व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये आला. सिनेमा सगळ्यांना आठवतो, वसाहतीतले घरसंसार कोणाला आठवत नाहीत. पाऊणशेपेक्षा अधिक वर्षे चाललेल्या या वसाहतीचा धडा असा, की कुटुंब हे सुधारणेचे साधन आहे. ते मोडून कैदी सुधारत नाही.

आता आपल्या आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सगळ्यांत जड आक्षेप असा, की गुन्हेगाराच्या घरावर पैसा खर्च करण्यापेक्षा ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या घरावर करावा. ऐकायला हे इतके न्याय्य वाटते, की पुढे बोलायचीही चोरी होते. पण प्रत्यक्षात ही घरे दोन असतातच असे नाही. बापाने आईचा जीव घेतला, त्या घरातली मुले कोणत्या बाजूची मानायची? ती आरोपीची मुले आहेत आणि मृत बाईचीही. पीडित म्हणून मिळणाऱ्या भरपाईवर त्यांचा हक्क आहे, आणि बाप कैदेत म्हणून मिळणाऱ्या मदतीवरही. बलात्काराच्या पॉक्सो गुन्ह्यांत दहांतल्या नऊहून अधिक आरोपी मुलीच्या ओळखीचे असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्यांत बाप, चुलता, मामा, सावत्र बाप असतात. अशा घरात तक्रार करणारी मुलगी आणि मिळवता हात गमावलेली आई एकाच चुलीवर जेवतात. ती चूल विझली की नातेवाईक आईला सांगू लागतात, पोरीला जबाब फिरवायला सांग, माणूस घरी येईल. साक्षीदार फितूर झाला असे कोर्टाच्या निकालात एका ओळीत येते. त्या ओळीमागे पुष्कळदा किराण्याची उधारी असते. तेव्हा आरोपीच्या घराला आधार देणे हे पीडितेच्या बाजूचेच काम आहे. तिला खरे बोलणे परवडावे, एवढाच त्याचा अर्थ.

जिथे घरे खरोखर दोन आहेत, बांधावरून खून झाला आहे आणि दोन्ही कुटुंबे एकाच गावात आहेत, तिथे मात्र अडचण खरी आहे. एकच कार्यकर्ती दोन्ही उंबरठ्यांवर गेली तर दोन्हीकडे तिच्यावर संशय येणार. यावर उपाय दोन माणसे, दोन फाइली आणि एकमेकांच्या फाइलला हात न लावण्याचा नियम. हा खर्च वाढवणारा उपाय आहे, हे कबूल. पण म्हणून दोघांनाही वाऱ्यावर सोडणे हे उत्तर होऊ शकत नाही. त्यातही पारध्यांसारख्या समाजांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागेल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. तिथे गुन्हा सिद्ध होण्याआधीच सगळी वस्ती आरोपी ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, तो निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलेला असावा.

दुसरा आक्षेप, हे सरकारचे काम आहे. आहेच. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आहे, संरक्षण अधिकारी आहेत, परिविक्षा अधिकारी आहेत, सखी केंद्र आहे. पण ही मंडळी परभणीला बसतात, जिल्ह्यात तालुके नऊ आहेत, आणि कायद्यानेच सेवाभावी संस्थांसाठी जागा ठेवली आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्यात सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत खटला संपेपर्यंत मुलाबरोबर राहणाऱ्या सहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे. खुर्ची मांडलेली आहे, बसायला कोणी नाही. आपण बसावे, आणि बसून सरकारला कामाला लावावे. कच्च्या कैद्याची पत्नी संजय गांधी योजनेत यावी, ही मागणी जिंतूरची एकटी बाई मुंबईपर्यंत नेऊ शकत नाही. आपल्याला मंत्रालयाचे मजले पाठ आहेत.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो निधी देणाऱ्यांकडून येतो: आम्ही पगाराला पैसे देत नाही, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत हवा. माफ करा, पण हे नियमाचे चुकीचे वाचन आहे. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. एखादा विशिष्ट प्रकल्प राबवण्यासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तहसीलमध्ये फाइल घेऊन उभी राहणारी कार्यकर्ती हाच इथे प्रकल्प आहे; तिचा पगार म्हणजे दप्तराच्या बिलाइतकाच थेट खर्च. याच नियमांत, सुरू झालेले वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प घेता येतो, म्हणजे हाताशी जवळजवळ चार वर्षे येतात. असे असताना एका वर्षाचे करार का होतात? खटला एका वर्षात संपत नाही. कार्यकर्तीशी बोलायला बाई तयार होते तोवर करार संपतो, आणि पुढच्या वर्षी नवी मुलगी नवा फॉर्म घेऊन तीच जखम पुन्हा विचारते. याहून मदत न केलेली बरी.

कंपनी कायद्याचे १३५ वे कलम सांगते, की कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे. ज्या जिल्ह्यात कारखानेच कमी, त्याच्या वाट्याला मग काय येणार? पण प्राधान्य द्या म्हणजे दुसरीकडे देऊ नका, असे ते कलम म्हणत नाही. येलदरीचे वीजघर गेली कित्येक दशके राज्याला वीज देते आहे. ती वापरताना कोणी परिसर विचारला नव्हता.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये जे झाले त्यातूनही कायमचा माणूस नसण्याची हीच उणीव दिसली. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहर पेटले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्यांच्या आई उच्च न्यायालयात गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. कॅमेरे आले, पुढारी आले, शिष्टमंडळे आली, आणि यायलाच हवी होती. पण त्या दिवसांत पकडल्या गेलेल्या बाकीच्यांच्या घरी कोण गेले? जामिनासाठी धावाधाव, परीक्षेला मुकलेली पोरे, कामावरून काढून टाकलेले हात, यांची विचारपूस शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केली. जिल्ह्यात चार-पाच जाणत्या माणसांची कायमची फळी असती, तर पहिल्या रात्रीपासून कोणाला कुठे ठेवले आहे याची यादी तरी तयार झाली असती.

तेव्हा मागणी अशी. जिंतूर तालुक्यासाठी पूर्ण पगारावर एक कार्यकर्ती, आणि जमल्यास जोडीला आणखी एक, सलग चार वर्षांसाठी नेमा. ती याच भागातली असावी, तिला गोरमाटी किंवा दखनी बोलता यावी, आणि तिला योजनांचे फॉर्म, जामीन, भरपाई, बालकल्याण समितीचे काम यांचे नीट प्रशिक्षण मिळावे. तिची बसायची जागा बसस्थानक, तहसील आणि कोर्ट यांच्या पायी अंतरात असावी. दारावर ‘पीडित’ किंवा ‘कैदी’ असली पाटी नको. दाखले आणि अर्ज लिहून मिळतील, एवढे लिहिले की पुरे. तिला एसटीचा पास द्या, जीप नको. तिच्याकडून दर महिन्याला फोटो मागू नका. किती फाइली दाखल झाल्या, किती मंजूर झाल्या, किती कोणत्या टेबलावर अडकल्या एवढेच विचारा. आणि तुरुंगात माणूस दाखल होताना त्याच्या घरी किती मुले आहेत, त्यांना आत्ता कोण सांभाळते आहे, एवढे दोन प्रश्न विचारून ते उत्तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवण्याची पद्धत सुरू व्हावी, यासाठी आपण सगळ्या संस्थांनी मिळून तुरुंग विभागाकडे लेखी मागणी करावी. त्याला फार पैसा लागणार नाही.

आपल्या विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्यावा आणि होकार असो वा नकार, कारणांसह लेखी कळवावे. उत्तर मराठीत असले तर ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाही वाचून दाखवता येईल.



आपला,
जिंतूर तालुक्यातील एक रहिवासी
येलदरी, जि. परभणी